सेमिस्टरचे तास मांडून पाहिले आणि हिशेब जुळेना

भोगावतीकाठ
१२ फेब्रुवारी, रात्री ११.४०

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र विषय घेऊन एम.एस्सी. करीत असून सध्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. आमचे गाव राधानगरी रस्त्याला, भोगावतीच्या काठी आहे. पहाटे पाचला म्हशीची धार काढायची, डबा भरायचा, पावणेसातची एसटी धरून रंकाळा स्टँडवर उतरायचे, तिथून केएमटीच्या शहर बसने महाविद्यालय गाठायचे आणि संध्याकाळी हाच प्रवास उलट करायचा, असा माझा दिवस असतो. एका बाजूला दीड तास लागतो. उसाच्या ट्रॉल्या पुढे लागल्या तर त्याहून जास्त.

यातले काहीही जगावेगळे नाही, माझ्या वर्गातील निम्म्या मुली असेच येतात. तरीही लिहावेसे वाटले, कारण गेल्या आठवड्यात इंटर्नल परीक्षेत मी एक प्रश्न पाच वेळा वाचला. अक्षरे दिसत होती, अर्थ लागत नव्हता. हात गार पडले होते आणि छातीत इतके धडधडत होते की शेजारच्या मुलीला ऐकू जाईल असे वाटले. तो प्रश्न मला येत होता. पेपर संपल्यावर जिन्यात उभी राहून मी मैत्रिणीला त्याचे उत्तर पायरीपायरीने समजावून सांगितले आणि मग तिथेच रडू आले.

त्यानंतरच्या रविवारी रात्री दहा वाजता जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, लिहायला बसले. दीड वाजता पाहिले, तर अनुक्रमणिका, पहिल्या पानाची चौकट आणि दोन रंगांनी मारलेल्या रेघा एवढेच झाले होते. साडेतीन तास मी नक्की काय करीत होते, ते मला सांगता येत नाही.

टाइमटेबल कर, असा सल्ला सगळेच देतात. जानेवारीपासून मी चार टाइमटेबले केली आणि प्रत्येक बुधवारपर्यंत टिकले. अभ्यास, सेमिनार, जर्नल आणि एप्रिलमध्ये सुरू होणारे ट्रेनिंग हे सगळे डोके ठिकाणावर ठेवून कसे करतात, हे ज्यांनी केले आहे त्यांनी कृपया सांगावे.


खडू-डस्टर
१३ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

मी तीस वर्षे महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालो आहे. वयाने तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा असेन, तरी 'तुम्ही'च म्हणतो. वर्गातही मला तीच सवय होती.

तुमची टाइमटेबले बुधवारी का मोडतात, याचे उत्तर मला तुमच्या स्वभावापेक्षा बेरजेत दिसते, म्हणून आधी बेरीज करू. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्याकडे पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे एक सेमिस्टर २२ क्रेडिटचे आहे. क्रेडिट म्हणजे गुणपत्रिकेवरचा एक आकडा, असे बहुतेक विद्यार्थी समजतात. मुळात ते वेळेचे माप आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे ४० क्रेडिट म्हणजे १,२०० तासांचे अध्ययन असे धरले आहे, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास पडतात. त्यात वर्गातला वेळ आला आणि घरी बसून केलेला अभ्यासही आला. २२ गुणिले ३० म्हणजे ६६० तास, आणि शिकवण्याचे आठवडे पंधरा धरले तर आठवड्याला ४४ तास. पूर्णवेळ नोकरीला माणूस याहून फार जास्त वेळ देत नाही.

आता हे ६६० तास फोडून पाहा. सोयीसाठी १४ क्रेडिट लेखी विषयांचे, ४ प्रात्यक्षिकांचे आणि ४ ट्रेनिंगचे धरतो. तुमच्याकडे वाटणी वेगळी असेल तर आकडे बदलून घ्यावेत. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटचे ३० तास प्रयोगशाळेतच जातात आणि ट्रेनिंगचे १२० तास ट्रेनिंगच्या जागी जातात. लेखी विषयाच्या एका क्रेडिटला मात्र वर्गात १५ तासच मिळतात आणि उरलेले १५ तास ज्याचे त्याने भरायचे असतात. १४ गुणिले १५ म्हणजे २१० तास, आठवड्याला १४. हे १४ तास कोणत्याही सूचनाफलकावर लागत नाहीत आणि त्यांची हजेरी कोणी घेत नाही, म्हणून पहिले बारा आठवडे ते उधारीवर जातात. मग शेवटच्या तीन आठवड्यांत, म्हणजे २१ दिवसांत, २१० तासांची वसुली निघते. रोजचे दहा तास, आणि लेक्चर व प्रात्यक्षिके तशीच चालू. परीक्षेच्या तोंडावर मुले कोलमडतात तेव्हा घरचे लोक त्यांच्या मनाच्या ताकदीविषयी बोलू लागतात; मला मात्र दरवर्षी हे २१० तास आठवत.

तुमचा प्रवास सहा दिवसांचा १८ तास होतो. ४४ आणि १८ मिळून ६२ झाले आणि घरकाम अजून धरलेलेच नाही. तेव्हा पाचवे टाइमटेबल करू नका. पुढचे सात दिवस जसे जातील तसे, अर्ध्या-अर्ध्या तासाने, वहीत लिहून ठेवा. काय करायचे ठरवले होते ते लिहू नका, काय झाले ते लिहा. मग बोलू.


तिसरी गल्ली
१३ फेब्रुवारी, दुपारी १.०५

सरांविषयी आदर ठेवून लिहितो. आमच्या पिढीने चालत जाऊन, कंदिलाच्या उजेडात आणि एका धोतर-सदऱ्यावर शिक्षण केलेल्या माणसांना पाहिले आहे. त्यांच्या तोंडी 'स्ट्रेस' हा शब्द कधी आला नाही. आताच्या मुलांना मोबाइल आहे, सवलतीचा पास आहे, शिष्यवृत्ती आहे, तरी ताण आहेच. तासांचा हिशेब मांडत बसण्यापेक्षा तेवढ्या वेळात दोन धडे वाचून होतील, असे माझे स्पष्ट मत आहे. राजर्षी शाहूंच्या गावात ही रड शोभत नाही.


माजी बोर्डिंगकर
१३ फेब्रुवारी, रात्री ९.३०

तिसरी गल्ली यांनी शाहू महाराजांचे नाव काढले ते बरे झाले, कारण माझ्या मते त्यांचा मुद्दा तिथेच ढासळतो.

खेड्यातून आलेला मुलगा कोल्हापुरात का टिकत नाही, हा प्रश्न महाराजांसमोर होता. मनगट घट्ट कर, असे त्यांनी त्या मुलाला सांगितले नाही. राहायला जागा नाही आणि दोन वेळच्या अन्नाची सोय नाही, ही खरी अडचण त्यांनी ओळखली आणि ती उचलून बाजूला ठेवली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग आणि १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह. जैन, लिंगायत आणि इतर समाजांची वसतिगृहेही त्यांच्याच पाठबळावर उभी राहिली. दसरा चौकातून आपण रोज येतो-जातो, पण तिथल्या बोर्डिंगांच्या इमारती म्हणजे विद्यार्थ्याच्या डोक्यावरचा बोजा मोजून कमी करण्याचा उद्योग होता, हे आपल्या ध्यानात राहत नाही. ज्या कंदिलाच्या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो, त्यांतला कंदील बहुधा अशाच एखाद्या बोर्डिंगचा असायचा आणि त्याच्या तेलाचा खर्च दुसरे कोणीतरी करीत असायचे.

मी स्वतः पाच वर्षे बोर्डिंगमध्ये काढली. खोलीत आम्ही चौघे, न्हाणीघरासमोर रांग आणि रविवारी रात्री जेवण बंद, असा सगळा थाट होता. तरी अंथरुणातून उठून दहा मिनिटांत मी वर्गात पोचत असे. भोगावतीकाठ यांचे आठवड्याचे १८ तास माझ्या खात्यात आयते जमा होते. त्या काळात माझे गुण चांगले होते म्हणून मी स्वतःला हुशार समजत असे, ही गोष्ट वेगळी.

त्यांना एवढेच सुचवतो, की निदान एप्रिल-मेच्या दोन महिन्यांसाठी शहरात कॉट मिळते का, हे आतापासून पाहावे. खर्चाची अडचण असेल, तर शासनाच्या डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची पात्रता महाडीबीटीच्या संकेतस्थळावर तपासता येते. शिवाजी विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे, तशी सोय आपल्या महाविद्यालयात आहे का, तेही विचारावे.


भोगावतीकाठ
२० फेब्रुवारी, रात्री १०.२०

सर, सात दिवस लिहून काढले. आकडे बघून मला माझीच लाज वाटली आणि थोडे हायसेही वाटले.

प्रवास १९ तास झाला, कारण गुरुवारी एसटी बंद पडली. घरकाम आणि जनावरे मिळून १५ तास. लेक्चर आणि प्रात्यक्षिके २२ तास. झोप सरासरी पाच तास वीस मिनिटे. स्वतः बसून केलेला अभ्यास पावणेचार तास. तुमचा आकडा १४ होता.

एक गोष्ट मात्र अजिबात अपेक्षित नव्हती. सेमिनारसाठी मोबाइलवर स्लाइड तयार करण्यात नऊ तास गेले. मजकूर दोन तासांतच झाला होता. उरलेले सात तास पाठीमागचा रंग, अक्षरांचा आकार आणि एका रेणूची आकृती मधोमध बसवणे यांत गेले. तो सेमिनार पाच गुणांचा आहे.

मोबाइलवर इकडेतिकडे बघण्यात सात तास गेले. त्यातले बहुतेक रात्री अकरानंतरचे आहेत, म्हणजे ज्या वेळी पुस्तक उघडले असते तरी फारसे काही डोक्यात गेले नसते.


खडू-डस्टर
२१ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

लाज वाटण्यासारखे यात काही नाही. तीस वर्षांत मी अनेकांना ही वही लिहायला लावली आणि जवळजवळ प्रत्येकाचे 'नऊ तास' कुठेतरी सापडलेच. माझ्या एका विद्यार्थ्याचे जर्नलच्या कव्हरवर सापडले होते.

त्यामागे एक कारण आहे आणि ते आळसाचे नाही. अवघड कामाची भीती वाटू लागली की मन शेजारचे सोपे काम धरते आणि त्यालाही अभ्यासच म्हणते. रेघा मारणे हे काम खरेच असते, त्यात हात चालू असतो, म्हणून अपराधीही वाटत नाही. तेव्हा दर रविवारी पुढच्या आठवड्यातील प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा: त्याला गुण किती आहेत आणि मी त्याला जास्तीत जास्त किती तास देणार. ज्या पेपरला अंतर्गत २० आणि लेखी ८० गुण असतात, तिथे पाच गुणांच्या सेमिनारला तीन तास पुष्कळ झाले. तीन तास संपले की स्लाइड जशी असेल तशी न्यायची. पांढऱ्या पाठीवर काळी अक्षरे असलेल्या सेमिनारला कोणी कमी गुण दिल्याचे मला आठवत नाही.

दुसरे असे, की एका प्रयोगाचे जर्नल लिहायला किती वेळ लागेल, हे मनाला विचारू नका, मागच्या वहीला विचारा. काम किती वेळात होईल याचा माणसाचा अंदाज नेहमी कमीच निघतो. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीला नावही देऊन ठेवले आहे. मागच्या वेळी अडीच तास लागले असतील, तर यंदाही अडीचच धरा.

चौदाचा आकडा तुमच्या परिस्थितीत गाठता येणार नाही, हे मी आजच सांगून टाकतो. नऊ धरू. नऊ तासांत सगळा अभ्यासक्रम होत नाही, म्हणून प्रत्येक पेपरात काय सोडायचे, हे मार्चमध्ये शांत डोक्याने ठरवायचे. ते मे महिन्यात घाबरून ठरवले, की नेमके सोपे घटक सुटतात.


लाल मातीचा
२१ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

अभ्यासातले मला फार कळत नाही, बी.ए. तीन वर्षांऐवजी पाच वर्षांत झालो. तालमीत मात्र दहा वर्षे काढली आहेत, त्यावरून एक सांगतो. मैदान जवळ आले की वस्ताद मेहनत उतरवतात. खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्ती लागली असेल, तर आदल्या आठवड्यात जोर-बैठका निम्म्यावर येतात, लढती हलक्या होतात आणि झोप व खुराक वाढतो. आदल्या रात्री हजार जोर मारणारा पैलवान मी तरी पाहिलेला नाही आणि मारलाच, तर सकाळी त्याला आखाड्यात उभेही राहवणार नाही. तुम्ही मंडळी मात्र पेपरच्या आदल्या रात्रीच सगळे जोर मारता. हे कोणत्या वस्तादाने शिकवले, ते कळत नाही.


अभ्यासिकेतला
२२ फेब्रुवारी, दुपारी ४.००

मी सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची तयारी करतो आणि दिवसाचे सात-आठ तास अभ्यासिकेत बसतो. बसणे आणि अभ्यास होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला दोन प्रयत्न घालवावे लागले. मी नोट्स पुन्हा पुन्हा वाचत असे. तिसऱ्यांदा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि ओळखीचे वाटले म्हणजे येते, असा समज होतो. परीक्षेत ओळख विचारत नाहीत, कोऱ्या कागदावर लिहायला सांगतात.

रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये केलेला एक प्रयोग यावर प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आठवताना जी ओढाताण होते, तिच्यामुळेच गोष्ट पक्की बसते. आपल्याला मात्र ती ओढाताण म्हणजे न येण्याची खूण वाटते आणि आपण घाईने वही उघडतो.

भोगावतीकाठ यांच्यासाठी याचा उपयोग असा, की एसटीत वाचू नये. राधानगरी रस्त्यावर वाचले की मळमळते, हे मी स्वानुभवाने सांगतो. बसमध्ये डोळे मिटून कालचे लेक्चर पहिल्यापासून मनातल्या मनात शिकवावे. कुठे अडले तेवढे लक्षात ठेवावे आणि उतरल्यावर वहीत फक्त तेवढेच पाहावे. तोच घटक तीन-चार दिवसांनी पुन्हा आठवावा आणि दोन आठवड्यांनी आणखी एकदा. उभे राहून प्रवास झाला तरी हे जमते, वहीही लागत नाही. १९ तासांपैकी पाच तास असे वळवता आले, तरी सरांच्या नऊमध्ये ते धरता येतील.


पांढरा अ‍ॅप्रन
२३ फेब्रुवारी, रात्री ८.४५

मी मानसोपचार विभागात काम करते. सर्वांचे लिहिणे वाचले. तासांच्या हिशेबाबद्दल मी पूर्ण सहमत आहे, पण पहिल्या संदेशातील दोन-तीन गोष्टी मला नुसत्या हिशेबाच्या वाटत नाहीत.

परीक्षेत येणारा प्रश्न न समजणे, हात गार पडणे आणि धडधडणे ही शरीराने धोका ओळखून केलेली तयारी असते. अ‍ॅड्रेनलिन वाढते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, म्हणून हात गार पडतात. त्याच वेळी मनात चाललेला 'आता काय होणार' हा विचार इतकी जागा अडवतो, की वाचलेले वाक्य धरून ठेवायला जागाच उरत नाही. थोडा ताण कामाला उपयोगी पडतो आणि तो एका मर्यादेपलीकडे गेला की अवघड काम आधी बिघडते, हे यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगात दाखवले होते. अशा वेळी प्रश्न सहाव्यांदा वाचू नये. पेन खाली ठेवावे, पाय जमिनीला टेकवावेत, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावत पाच-सहा श्वास घ्यावेत आणि जो प्रश्न सर्वांत सोपा वाटेल त्याची पहिली ओळ लिहावी. हात चालू झाला की धडधड हळूहळू उतरते. हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा करून चालत नाही, घरी घड्याळ लावून जुने प्रश्न सोडवताना त्याची सवय करावी लागते.

झोपेविषयी स्पष्ट बोलते. तुमच्या वयाला सात तास तरी झोप लागते, आणि दिवसा शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. पाच तास वीस मिनिटांवर सेमिस्टर काढणे म्हणजे भोक पडलेल्या घागरीने पाणी भरणे आहे. रात्री दहाला घेतलेल्या चहातील निम्मे कॅफिन पहाटे तीनच्या सुमारासही अंगात असते. संध्याकाळनंतर चहा बंद करून बघा.

आणखी एक, आणि हे माझ्या विषयाबाहेरचे असले तरी मी प्रत्येक मुलीला सांगते. हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. धडधडणे, थकवा, लक्ष न लागणे ही त्याचीही लक्षणे आहेत. तुम्ही मनाला दोष देत बसाल आणि दुखणे रक्तात असेल. सोबत थायरॉइडही तपासता आले तर उत्तम.

आणि ज्यांना हे लागू असेल त्यांच्यासाठी: उदासी किंवा कशातच गोडी न वाटणे हे दिवसाचा बहुतेक वेळ आणि सलग दोन आठवड्यांहून जास्त टिकले, किंवा जगणे नको असे विचार एकदाही आले, तर टाइमटेबल, स्लाइड वगैरे सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी शासनाची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयातही दाखवता येते. शिवाय जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे. आपल्या महाविद्यालयात तो कोण आहे, हे विचारण्यात संकोच कसला?


माजी सीआर
२४ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

छोटी पण उपयोगाची गोष्ट लिहितो. आमच्या वर्गाला एकदा तीन विषयांची सबमिशन एकाच सोमवारी आली होती. आम्ही महिनाभर कट्ट्यावर बसून शिव्या घातल्या. मग एका मुलीने कागदावर सहा आठवडे आडवे आणि पाच विषय उभे आखून सगळ्या तारखा भरल्या, आणि तो कागद आम्ही विभागप्रमुखांसमोर ठेवला. एका सरांनी दिलेली तारीख दुसऱ्या सरांना माहीतच नव्हती. त्यांनी तिथेच दोन तारखा पुढे ढकलल्या. मुदत वाढवून मागायला गेलेला विद्यार्थी कामचुकार ठरतो, हाती तक्ता घेऊन गेलेल्याशी निदान बोलणे तरी होते. मात्र सबमिशनच्या आदल्या दिवशी जाऊ नये, तेव्हा तक्ताही कामाचा नसतो.


इचलकरंजीचे पालक
२४ फेब्रुवारी, रात्री १०.०५

माझा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रोज रात्री जेवताना मी त्याला 'अभ्यास कुठवर आला?' असे विचारत असे. माझ्या दृष्टीने ती चौकशी होती. एक दिवस त्याने ताट घेऊन खोलीत जेवायला सुरुवात केली. हा धागा वाचून त्याला काल वेगळे विचारले, की तुझे कोणते काम मी करू शकतो? तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "बाबा, शनिवारी झेरॉक्सला तुम्ही जाल का?" शनिवारी जाणार आहे.


तिसरी गल्ली
२५ फेब्रुवारी, दुपारी १२.३०

बोर्डिंगकरांचा मुद्दा मान्य आहे. माझे वडील ज्या बोर्डिंगमध्ये राहिले, तिथे पहाटेचे पाणी तापवायला वेगळा माणूस होता, हे ते स्वतः सांगत असत आणि मी ते सोयीने विसरलो होतो. तरी एक शंका उरतेच. हिशेब ठेवण्याचेच व्यसन लागले आणि मुलांनी वहीतच सात तास घालवले, तर काय करणार?


खडू-डस्टर
२५ फेब्रुवारी, दुपारी ३.१०

शंका रास्त आहे. म्हणून वही सेमिस्टरमध्ये दोनच आठवडे ठेवायची, एकदा सुरुवातीला आणि एकदा मध्यावर. बारमाही वही ठेवणारे विद्यार्थीही मी पाहिले आहेत, त्यांच्या वहीत चार रंगांची शाई असते.


भोगावतीकाठ
१४ जून, रात्री ९.५०

परीक्षा संपून पंधरा दिवस झाले. सर्वांनी एवढे लिहिले, तेव्हा पुढे काय झाले ते न कळवणे बरोबर दिसणार नाही.

हिमोग्लोबिन ९.४ निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत असे सांगितले, आणि मार्चअखेर जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. सगळे त्याच्यामुळेच होते असे म्हणणार नाही, पण जानेवारीत मी स्वतःला आळशी म्हणत होते, त्यातला निदान थोडा भाग ह्या ९.४ चा होता.

शहरात राहण्याचे अर्धेच जमले. मैत्रिणीच्या खोलीत एप्रिलपासून आठवड्यातून तीन रात्री राहिले, त्यामुळे प्रवास १९ तासांवरून साधारण १० तासांवर आला. बसमध्ये डोळे मिटून आठवण्याचा प्रयोग पहिल्या आठवड्यात झोप लागून फसला. नंतर खिडकीजवळ उभी राहू लागले, तेव्हा जमला. कंडक्टरकाकांनी एकदा विचारले, की पोरी, तू तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? त्यांना मी अभिक्रियेची यंत्रणा समजावून सांगितली आणि राशिवडे फाट्यापर्यंत त्यांनी ती ऐकून घेतली.

सरांनी सांगितलेले नऊ तास सरासरीने साडेआठ झाले. मार्चमध्ये प्रत्येक पेपरातला एक घटक ठरवून सोडला. तीन पेपरांत ते धोरण चालले. चौथ्यात सोडलेल्या घटकावरच अनिवार्य प्रश्न आला, तो पेपर बहुधा राहील. त्या दिवशीही हात गार पडले होते. पेन ठेवले, श्वास मोजले आणि येणारे तीन प्रश्न लिहून काढले. कोरा पेपर दिला नाही.

ट्रेनिंगच्या १२० तासांपैकी ९६ झाले आहेत, उरलेले या महिन्यात होतील. तिसऱ्या सेमिस्टरसाठी वसतिगृहाचा अर्ज भरला आहे, यादी अजून लागलेली नाही. आईला मी वहीतला तो आठवडा दाखवला होता. तिने १५ तासांच्या ओळीवर बोट ठेवले, काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला धाकट्या भावाला उठवले. म्हैस अजून त्याला पूर्ण दूध सोडत नाही, अर्धा लिटर तरी चोरून ठेवते. तरीही सकाळची धार आता त्याचीच आहे.